वर्गातली वहिनी

पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्याला लागून असलेल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये मुलाखत देऊन नव्याने कामाला लागायचं, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी मला जन्मात पहिल्यांदाच पाहिल्यासारखं विचारायचं, "मॅडम, कोथरूडहून यायला लांब नाही ना पडणार?" इतकी वर्षं येतेच आहे की तुमच्या डोळ्यांदेखत, असं जिभेवर येतं. मी ते गिळते. स्वभाव तापट आणि नोकरी तात्पुरती, त्यामुळे गिळायची सवय झाली आहे.

तृतीय वर्षाचा माझा वर्ग लहानच असतो. मुलं उरवड्याच्या कंपन्यांमध्ये रात्रपाळी करून येतात आणि पहिल्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपतात. मुलींचं निम्मं लक्ष एसटीच्या वेळेकडे. त्या वर्षी या सगळ्यांत एक लग्न झालेली विद्यार्थिनी होती, आणि तिला अख्खा वर्ग 'वहिनी' म्हणायचा.

ती माहेरची ताम्हिणीकडची. लग्न होऊन उरवड्याला आली, शिक्षण मधेच सुटलं. सासऱ्यांना शिकलेल्या सुनेचं कौतुक होतं म्हणून ते असतानाच तिने पुन्हा प्रवेश घेऊन टाकला. ते गेले, पण प्रवेश झालेला होता. वर्गातली बरीच मुलं तिच्या नवऱ्याच्या गावची, काही तर भावकीतलीच, म्हणजे नात्याने तिचे दीर. भावाच्या बायकोला नावाने हाक मारायची नाही ही गावची रीत, ती मुलांबरोबर वर्गातही येऊन बसली. हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं की मागून कुणीतरी विचारायचं, "हे कोन?" दुसरा सांगायचा, "आरं, वहिनी." सगळे हसायचे, तीही हसायची. मला मात्र राग यायचा. दप्तर घेऊन आलेली विद्यार्थिनी आहे ती, तिला इथे तरी तिच्या नावाने बसू द्या, असं मी एकदा सुनावलं. मुलं बावरली. त्यांच्या मते ते तिला मानच देत होते.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. बी.ए. झालं की बी.एड., मग कुठलीही शाळा, अगदी ताम्हिणीच्या पावसातली सुद्धा चालेल म्हणायची. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये डबा खात होते, तेव्हा दारात उभं राहून तिने मला हे सांगितलं. "मॅडम, शेवटचं सेमिस्टर हाय. एवढी परीक्षा झाली की सुटले." कशातून, ते मी विचारलं नाही. परीक्षेतून असंच मी धरून चालले.

त्या सेमिस्टरला आम्हाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक कविता होती. ड्रॅमॅटिक मोनोलॉग म्हणतात त्या जातीची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस बोलतो. दुसरं कुणीतरी समोर बसून ऐकत असतं, ते तोंड उघडत नाही. बोलणारा आपल्या परीने स्वतःची बाजू मांडत जातो आणि आपल्याला मात्र तो आतून कसा आहे ते दिसत जातं. आमच्या कवितेत एक जमीनदार आपल्या बायकोबद्दल पाहुण्याशी बोलतो. ती घरातल्या नोकरचाकरांची, माळ्याची, शेजाऱ्यांची सारख्याच मायेने विचारपूस करायची, हे त्याचं दुखणं. मग त्याने एकेक करून तिचं बोलणं, फिरणं बंद केलं. पुढे तिचं काय झालं ते तो सांगत नाही. वाचणाऱ्याला कळतं आणि पोटात गोळा येतो.

मुलांच्या पोटात मात्र काहीच येत नव्हतं. गाइडमध्ये छापलेलं 'सत्ता, मत्सर व पुरुषी वर्चस्व' हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं आणि त्याचा अर्थ विचारला की ती खिडकीबाहेर बघायची. मी वैतागले. म्हटलं, पुस्तकं मिटा. हा माणूस तुमच्या गावचा आहे असं समजा. तो इंग्रजी बोलणार नाही, तुमच्यासारखंच बोलेल. उभे राहा आणि तो बोला.

दोघा-तिघांनी चाचरत काहीतरी केलं. मग ती उठली. ओढणी कमरेला खोचली, खुर्ची ओढून पाय पसरून बसली आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून बोलायला लागली.

"बसा पाव्हनं. हे समदं आपलंच हाय बरं का, त्या वड्यापसनं ह्या रस्त्यापतूर. बायको? व्हती की. सोन्यासारखी व्हती. कामात कसूर न्हाई, उलटा शब्द न्हाई. पन एक खोड व्हती बगा. दिसंल त्याला ईचारायची, जेवलात का. दूधवाल्याला, जेवलात का. खोलीतल्या भाडेकरूला, जेवलात का. आन मी दिसभर हिंडून घरी आलो, की मलाबी तेच, जेवलात का. मंग माज्यात आन भाडेकरूत फरक काय ऱ्हायला, सांगा की. मी वरडलो न्हाई. हात तर कवा लावलाच न्हाई. फकस्त एकेक दार लावून घेतलं. आता घर कसं शांत हाय. च्या घ्या की, गार व्हतोय."

मूळ कवितेत दूधवाला नव्हता, भाडेकरू नव्हता, चहा तर नव्हताच. तरीही कविता हीच होती. इतक्या वर्षांत मला ती कुणी इतकी नीट समजावून सांगितली नव्हती. वर्ग आधी हसला, मग मधेच गप्प झाला, मग टाळ्या पडल्या. मागून एकजण ओरडला, "वहिनी, लई भारी!" ती खुर्चीतून उठली आणि लाजून जागेवर गेली. मला इतका आनंद झाला की तास संपल्याची घंटाही मी ऐकली नाही. आणि त्या आनंदात मी मुलांना सांगितलं, की या कवितेतला सगळ्यात भित्रा माणूस म्हणजे तो पाहुणा. एवढं ऐकूनही उठून का जात नाही, चार शब्द का सुनावत नाही? मुलांनी माना डोलावल्या.

तिच्या एका दिराने मोबाइलवर हे सगळं टिपून घेतलं होतं. त्याने ते मला पाठवलं, आणि भावकीच्या ग्रुपवरही टाकलं. खाली लिहिलं, 'आमच्या वहिनीचा नाद करायचा नाय.' पोराचा ऊर अभिमानाने भरून आला होता. भावकीत कुणाच्या मुलीला मेडल मिळालं, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, की ते ग्रुपवर टाकायचंच असतं, तसंच हेही त्याने टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिचा फोन बंद. आठवडा उलटला तेव्हा मी त्या दिराला थांबवून विचारलं. त्याचा चेहरा पडला होता. "मॅडम, मी चांगल्यासाठीच टाकला हो. दादा कायबी बोलला न्हाई. नुसतं म्हनला, टाळ्या वाजवनारं कोन कोन हायेत त्यांची नावं सांग." मग तो म्हणाला, "वहिनी आता यायच्या न्हाईत बहुतेक."

मी प्राचार्यांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, कुणाचं वाईट चिंतत नाहीत आणि कुणाचं बरं करण्याच्या भानगडीतही पडत नाहीत. "मॅडम, घरगुती मामला आहे," ते म्हणाले. "तिची स्वतःची तक्रार आहे का काही? नाही ना? मग आपण काय म्हणून जायचं? आणि आपल्याला याच गावांत राहायचंय." मी म्हटलं, हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही तिला. ते म्हणाले, हजेरीचं मी बघतो, तेवढं माझ्या हातात आहे. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हेही सांगायला हवं.

म्हणजे आता प्रश्न एकच होता. घरातून तिला परीक्षेपुरतं सोडतात की नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं, आणि हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला कुणी परत पाठवत नाही. आमंत्रण नसलं तरी. मला एरवी या प्रकाराचा कंटाळा आहे. लोकांच्या घरी प्लॅस्टिकचे डबे वाटत आणि घेत फिरायचं, आणि ते डबे पुढच्या वर्षी दुसऱ्याला खपवायचे. पण त्या घरात शिरायला मला तेवढंच एक दार दिसत होतं. तिच्या दिराकडून मी त्यांच्या हळदीकुंकवाचा दिवस काढून घेतला, साडी नेसले आणि स्कूटर उरवड्याकडे वळवली.

नवा बंगला, पुढे फरशी घातलेलं अंगण, मागे भाड्याच्या खोल्यांची रांग. बाहेरगावहून कंपन्यांत कामाला आलेली मुलं तिथे राहत होती. दोरीवर त्यांचे निळे गणवेश वाळत होते. हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसल्या होत्या. हळदीकुंकू असलं की पुरुष माणसं आपण होऊन बाहेर सटकतात, ओट्यावर नाहीतर चौकात जाऊन बसतात. इथे नवरा सोफ्यावर बसून होता, हातात फोन. बायका हळू आवाजात बोलत होत्या.

मला बघून तो लगेच उठला. "या या मॅडम! ए, मॅडम आल्यात, च्या ठेव." अगदी अदबीने त्याने मला सोफ्यावर बसवलं. कंपन्यांना गाड्या लावायचा त्याचा धंदा, त्यामुळे माणसं हाताळायची सवय. दिसायला देखणा, बोलायला गोड. मी मनात भांडणाची तयारी करून आले होते, आणि भांडायला समोर कुणी नव्हतंच. ती स्वयंपाकघराच्या दारात दिसली. मान खाली घालून आत गेली.

"घर आवडलं का? मागच्या खोल्याबी आपल्याच. वड्यापसनं रस्त्यापतूर."

मी कान टवकारले. तो बोलतच राहिला.

"व्हिडिओ बगितला मी मॅडम. चांगलं बोलली. त्या विंग्रजाचंबी आपल्यासारखंच हाय म्हना की!" तो मनापासून हसला. "बरोबरच हाय त्येचं. आता हिलाबी तीच खोड. भाडेकरू पानी मागाया आला, जेवलात का. दूधवाला आला, जेवलात का. मी घरी आलो, तर मलाबी तेच. मग माज्यात आन त्येंच्यात फरक काय, तुमीच सांगा."

वर्गात आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या तो अभिनय नव्हताच. तिने त्यात एक शब्दही आपल्या पदरचा घातला नव्हता. आणि हा माणूस स्वतःला ओळखू शकला नव्हता, त्याला सातासमुद्रापार एक साथीदार सापडला होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"अडचन कायबी न्हाई. पन घरात ही तोंड उघडत न्हाई मॅडम. ईचारलं तेवडंच सांगती. आन तितं एवडं? हातवारे करून, खुर्चीत बसून? मला सांगा, ते कुनासाठी?"

"वर्गासाठी. अभ्यास होता तो. मी सांगितलं म्हणून केला तिने."

"व्हय, तुमी सांगितला. तुमचा दोष न्हाईच." त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्यात फाटक दिसत होतं, पाण्याची मोटार, मागच्या खोल्यांची दारं आणि स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा. सगळीकडे कॅमेरे. "कंपनीत बसून घर दिसतंय बगा. माजा हिच्यावर पूर्न इस्वास हाय. लोकांवर न्हाई. कवा आवाज चढवला न्हाई मी. ईचारा तिला."

ती चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या अंगावर मारहाणीची खूण शोधत होते मी, कबूल करते. एकही नव्हती. असती तर निदान मला काय बोलायचं ते कळलं असतं.

"तो व्हिडिओ तुमच्याकडंबी आसंल ना?" तो म्हणाला. "काढून टाका. ग्रुपवरचा मी समद्यांना काढाय लावला. बाईमानसाचं आसं हितंतितं फिरायला नगं."

मी म्हणणार होते, माझा फोन आहे, माझी विद्यार्थिनी आहे, तुम्ही कोण सांगणार. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने अगदी बारीकशी मान हलवली. काढा. मी त्याच्यादेखत तो काढून टाकला. त्याने वाकून माझ्या फोनमध्ये पाहून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "थ्यांक्यू."

वर्गात मी त्या पाहुण्याला भित्रा म्हटलं होतं. आता सोफ्यावर चहाचा कप घेऊन मीच बसले होते, आणि मला त्याची पंचाईत समजत होती. पाहुणा काय, बोलून मोकळा होईल आणि आपल्या घरी जाईल. त्याच्या प्रत्येक शब्दाचा हिशेब नंतर त्या घरात कुणाकडे मागितला जाणार, हे त्याला दिसत असेल. मी एकेक शब्द तोलून म्हटलं, "परीक्षेचं तेवढं बघा. शेवटची आहे. हजेरीचं प्राचार्यांनी केलंय. तुम्ही स्वतः आणून सोडा, स्वतः घेऊन जा. पेपर मुलींच्याच खोलीत देईल, मी व्यवस्था करते." बोलताना माझाच आवाज मला ओळखू येईना. मी त्याला दारं लावायला मदत करत होते, म्हणजे एखादं तरी उघडं राहील.

"आमी न्हाई कुटं म्हनलं?" त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "तिची इच्छा आसंल तर खुशाल देऊ दे." मग त्याने हाक मारली. "ए, हिकडं ये. मॅडमना सांग, तुला परीक्षा द्यायची हाय का?"

तिच्या सासूबाई तिळगुळाचं ताट घेऊन तशाच थांबल्या. ती हात पदराला पुसत उभी राहिली. मी मनातल्या मनात तिच्यापुढे हात जोडले. एक शब्द बोल, मग पुढचं मी बघते. कसं बघणार होते कोण जाणे.

"न्हाई," ती म्हणाली.

"बगा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. विजय मिळवल्याचा भाव नव्हता त्याच्या तोंडावर. उलट माझी समजूत काढल्यासारखा हसत होता. "तिलाच नगं हाय. आता आपन काय करनार?"

इतकी वर्षं शब्दांवर पोट भरते मी, आणि त्या एका शब्दापुढे माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. मी उठले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मॅडमना हळदीकुंकू लाव, तशाच नगं जाऊ दिऊस."

ती हळदीकुंकवाची कुयरी घेऊन माझ्यासमोर आली. कुंकू लावायला जवळ यावंच लागतं, चेहऱ्याला चेहरा भिडेल इतकं. तिच्या बोटाला थंडगार ओल होती. कुंकू टेकवताना ओठही न हलवता ती पुटपुटली, "मॅडम, परत येऊ नका. तुमी येऊन गेलात की नंतर लई दिवस निस्तरावं लागतं मला." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिळगूळ घ्या." माझ्या ओटीत तिने एक स्टीलची वाटी घातली.

मी परत गेले नाही. यात माझं काही चुकलं का, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. गेले असते तर तिच्या सांगण्याविरुद्ध गेले असते, आणि गेले नाही तर त्याच्या सांगण्याप्रमाणे झालं. दोन्ही रस्ते फिरून त्याच्याच अंगणात येतात. मैत्रीण म्हणाली पोलिसांत जा, दुसरी म्हणाली महिलांसाठी हेल्पलाइन असते. मी फोनही केला. पलीकडची बाई समजूतदार होती. तिने विचारलं, मारतो का, उपाशी ठेवतो का, ती स्वतः बोलायला तयार आहे का. सगळ्याला मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तिला बोलायला सांगा, आम्ही लगेच येऊ.

परीक्षा झाली. ती आली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा मुलाखत देऊन नव्याने लागले. तीच कविता, तेच गाइड. मुलांना उठून बोलायला सांगितलं नाही, फळ्यावर मुद्दे लिहून दिले. सत्ता, मत्सर, पुरुषी वर्चस्व. त्यांनी उतरवून घेतले. मुलांना ते बरंच वाटलं.

होळीच्या आसपास घोटवडे फाट्यावर वाहतूक तुंबली होती. कंपन्यांच्या बस एकमेकींना चिकटून उभ्या. माझ्या स्कूटरशेजारी एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि पुढची काच खाली गेली.

"मॅडम! ओळखलं का?"

ओळखलं. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं. त्या काचेला काळा कागद लावलेला होता, बांगड्यांचा हात तेवढा अंधुक दिसला. ती होती की सासूबाई, की आणखी कुणी, मला कळेना. मी वाकून बघायचा प्रयत्न केला.

"तुमी परत आलाच न्हाईत," तो म्हणाला. आवाजात खरीखुरी आपुलकी होती. "ती लई आठवन काढती तुमची. या की एकदा जेवायला."

"येईन," मी म्हटलं. मागच्या काचेकडे बघून जरा मोठ्याने म्हटलं. "बरी आहे ना ती?"

"झकास हाय," तो म्हणाला. पुढची बस सरकली, काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

मागून हॉर्न वाजायला लागले तरी मी तिथेच उभी होते. ती माझी आठवण काढते, ती बरी आहे, हे मला कळलं. पण कळलं तेही त्याच्याच तोंडून.